पुस्तकं जोडीनं सुचवावीत

"इतिहासावरचं काहीतरी चांगलं सुचव ना" असं कुणी म्हटलं की आपल्याकडची यादी ठरलेली असते. स्वामी, श्रीमान योगी, राऊ, छावा, पानिपत. बक्षीस म्हणून, वाढदिवसाला, परदेशी निघालेल्या भाच्याच्या बॅगेत, सगळीकडे हीच पुस्तकं फिरत असतात. मीही ती वाचली आहेत. 'स्वामी' तर एकाच उन्हाळ्याच्या सुट्टीत दोनदा वाचलं आणि रमाबाई सती जातात तिथे दोन्ही वेळा रडले. तेव्हा तक्रार कादंबऱ्यांबद्दल नाही. तक्रार एवढीच, की समोरच्याने इतिहास मागितलेला असतो, आपण कादंबरी देतो, आणि काही वेगळं दिलं हे आपल्याही लक्षात येत नाही. माधवराव पेशव्यांच्या मनात त्या रात्री काय चाललं होतं हे रणजित देसाईंना कळण्याचा मार्ग नव्हता. ते त्यांनी रचलं, सुंदर रचलं. पण आपण ते घडलं म्हणून लक्षात ठेवतो.

मग दुसऱ्या टोकाला जाऊन जाडजूड साधनग्रंथ सुचवावेत का? तेही मला जमत नाही. ते कुणी वाचत नाही, कपाटात शोभा देतात. म्हणून गेली काही वर्षं मी एक पद्धत ठेवली आहे. कुणी इतिहासाचं पुस्तक विचारलं, की मी एक सांगत नाही, दोन सांगते. दोन्ही त्या काळात स्वतः जगलेल्या माणसांनी लिहिलेली, पण एकाच गोष्टीकडे दोन वेगळ्या जागांवरून पाहणारी. एक साक्षीदार कितीही प्रामाणिक असला तरी त्याला त्याच्या ओसरीवरून दिसतं तेवढंच दिसतं. दुसरा आणला की पहिल्याचं खोटं उघडं पडतं असं नव्हे (क्वचित पडतंही), पण पहिला कुठे उभा होता ते कळतं.

माझी सगळ्यात आवडती जोडी १८५७ ची आहे.

पहिलं पुस्तक विष्णुभट गोडसे यांचं 'माझा प्रवास'. हे नाव पुष्कळांनी ऐकलेलं असतं, वाचलेलं फार थोड्यांनी. पेणजवळच्या वरसई गावचा हा भिक्षुक ब्राह्मण. घरात कर्ज. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार आहेत आणि तिथे भरपूर दक्षिणा मिळेल असं कळल्यावर हा काकांबरोबर १८५७ सालच्या सुरुवातीला उत्तरेकडे निघाला. त्याला ना इंग्रजांशी लढायचं होतं, ना राणीला पाहायचं होतं. कर्ज फेडण्यापुरते पैसे हवे होते. आणि बरोबर त्याच वर्षी उत्तर हिंदुस्थान पेटला.

त्यापुढचं सगळं मी सांगत बसत नाही, पण दोन-तीन गोष्टी सांगितल्याशिवाय राहवत नाही. १८५८ च्या मार्चमध्ये सर ह्यू रोजच्या फौजेने झाशीला वेढा घातला तेव्हा भटजी झाशीतच होते. एप्रिलच्या सुरुवातीला शहर पडलं आणि राणी रातोरात निसटली. नंतरची कत्तल आणि लूट भटजींनी लपूनछपून, उपाशीपोटी पाहिली. ती लूट अंदाधुंद नव्हती हे वाचताना अंगावर काटा येतो. पाळ्या लागल्या होत्या. आधी सोनं-चांदी नेणारे आले, मग भांडीकुंडी नेणारे, मग उरलंसुरलं धान्य नि कपडे. झाशीच्या संस्थानात पिढ्यान्‌पिढ्या जमवलेला संस्कृत पोथ्यांचा संग्रह होता, त्याची नासधूस झाल्याचं दुःख या गरीब भिक्षुकाला स्वतःची दक्षिणा लुटली गेल्याच्या दुःखाइतकंच झालेलं दिसतं.

आणि मग काळपीच्या वाटेवरची ती विहीर. राणी पठाणी वेषात, धुळीने माखलेली, तहानेने व्याकूळ. भटजी पाणी काढून द्यायला पुढे होतात, तर ती त्यांना थांबवते. तुम्ही विद्वान ब्राह्मण, माझ्यासाठी पाणी काढू नका, मीच काढते. आणि ती स्वतः दोर ओढते. कुठलाही कादंबरीकार या जागी राणीच्या तोंडी एक भाषण घालता. इथे ती विहिरीतून पाणी काढते आणि मातीच्या भांड्यातून पिते, बस्स. राज्य गेलं आहे, पण ब्राह्मणाकडून पाणी शेंदवून घ्यायचं नाही हा संस्कार गेलेला नाही. या प्रसंगाचं काय करायचं हे मला अजून नीट उमगलेलं नाही. कधी तो राणीचा मोठेपणा वाटतो, कधी त्या काळच्या घडणीचा पुरावा.

भटजी सगळंच खरं सांगतात असं मात्र समजू नका. बंडाचं कारण म्हणून ते कलकत्त्याला भरलेल्या राजेरजवाड्यांच्या सभेची आणि हिंदू-मुसलमानांच्या धर्मात ढवळाढवळ करणाऱ्या इंग्रजी कलमांची हकीकत सांगतात. तशी सभा भरलीच नव्हती. पण बाजारात, धर्मशाळेत, नदीच्या घाटावर लोक एकमेकांना काय सांगत होते हे त्या पानांत जसंच्या तसं उतरलं आहे. अफवा खोटी असते, पण अफवा पसरली ही गोष्ट खरी असते. मला तर ती पानं फार मोलाची वाटतात.

आवृत्तीबद्दल एक सूचना. भटजींनी हे १८८३ च्या सुमारास चिंतामण विनायक वैद्यांच्या सांगण्यावरून लिहिलं, आणि वैद्यांनी ते छापलं १९०७ साली. छापताना त्यांनी भाषा सफाईदार केली, काही गाळलं, काही फिरवलं. मूळ हस्तलिखित नंतर पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आलं आणि त्यावरून दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये मूळ मजकूर प्रसिद्ध केला. घ्यायचंच तर मूळ हस्तलिखितावरून केलेली आवृत्ती घ्या. ती थोडी अडखळत वाचावी लागते, पण ती भटजींची आहे. ज्या पोरांना मराठी वाचायला जड जातं (आमच्याकडे तिकडे वाढलेली तीन आहेत) त्यांच्यासाठी प्रिया आडारकर आणि शांता गोखले यांनी २०१४ मध्ये केलेलं इंग्रजी भाषांतर आहे. हिंदीत अमृतलाल नागरांनी फार पूर्वीच केलं होतं.

आता याची जोडी. इथे लोक चक्रावतात, कारण मी सुचवते लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे'. "ते तर रेव्हरंड टिळकांच्या बायकोचं आत्मचरित्र ना? त्याचा बंडाशी काय संबंध?"

संबंध अगदी सुरुवातीच्या पानांतच आहे. लक्ष्मीबाईंच्या आईच्या वडिलांना, जोगळेकरांना, १८५७ च्या बंडात फाशी झाली. त्या वर्षाच्या शेवटी त्र्यंबकेश्वराकडे जो उठाव झाला त्यातलं हे प्रकरण. लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ चा, म्हणजे हे सगळं त्यांच्या जन्माआधी दहा-अकरा वर्षं होऊन गेलेलं. पण सासऱ्यांच्या त्या फाशीचा त्यांच्या वडिलांच्या, म्हणजे नाना गोखल्यांच्या मनावर असा काही परिणाम झाला, की त्यांनी सोवळ्याचं वेड घेतलं. बाहेरून घरात येणारी वस्तू धुऊनच आत यायची, अगदी मीठसुद्धा! त्या माणसाच्या सोवळ्याखाली सगळं घर भरडून निघालं. नाशिकजवळच्या जलालपुरातल्या त्या घरात झाशी नव्हती, तोफा नव्हत्या, राणी नव्हती. (योगायोग असा, की लक्ष्मीबाई टिळकांचंही माहेरचं नाव मनकर्णिकाच.) पण १८५७ त्या घरात होतं. रोज सकाळी बादलीभर पाण्याने ते धुतलं जात होतं.

हे लक्षात आल्यावर मी दोन्ही पुस्तकं पाठोपाठ पुन्हा वाचली आणि मला ती वेगळीच वाटली. भटजींच्या पुस्तकात बंड म्हणजे दोन-अडीच वर्षांची आपत्ती, जिच्यातून माणूस गंगेची कावड घेऊन घरी परततो. लक्ष्मीबाईंच्या पुस्तकात बंड म्हणजे एक फाशी, जिची सावली पुढची पिढी वाढवते. शाळेच्या पुस्तकात १८५७ चा धडा १८५८ ला संपतो. जलालपुरात तो १८७० नंतरही चालू होता.

लक्ष्मीबाई हे सगळं हसत हसत सांगतात, हे त्यांचं वैशिष्ट्य. नवरा १८९५ मध्ये ख्रिस्ती झाला, संसार मोडला, पाच वर्षांनी त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला, आणि मीठ धुणाऱ्या बापाची ही मुलगी कोणाच्याही हातचं खाऊ-पिऊ लागली. कशी, ते मुळातून वाचा. एका दिवसात नाही, एकेक पायरी उतरत, प्रत्येक पायरीवर स्वतःची थोडी थट्टा करत. 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झालं, १९३६ मध्ये त्या गेल्या, आणि शेवटचा भाग अपुराच राहिला. मला विचाराल तर मराठी गद्यात इतकं सरळ लिहिणारं दुसरं कुणी नाही. बालकवी त्यांच्या घरी राहायचे ती पानं तर बोनस समजा.

पानिपतासाठीही एक जोडी आहे, ती घाईत सांगते कारण ती सगळ्यांना रुचेलच असं नाही. एक 'भाऊसाहेबांची बखर' आणि दुसरी काशीराज पंडिताची हकीकत. काशीराज आपलाच, दक्षिणी ब्राह्मण, पण शुजाउद्दौल्याच्या पदरी. म्हणजे १४ जानेवारी १७६१ ला तो समोरच्या छावणीत होता! त्याने ती हकीकत फारसीत लिहिली. बखर वाचून रक्त उसळतं, काशीराज वाचून ते थंड होतं. आणि दोघांची उलटतपासणी घेणारा वकील हवा असेल तर त्र्यंबक शंकर शेजवलकरांचं 'पानिपत : १७६१'. शेजवलकर फटकळ आहेत, कुणाचीही भीड ठेवत नाहीत. मला आवडतात.

तिसरी जोडी मात्र मला सावकाश सांगायची आहे, कारण तिने आमच्याच घरात एक गोष्ट घडवली.

त्रिंबक नारायण आत्रे यांचं 'गावगाडा' १९१५ साली प्रसिद्ध झालं. (हे आचार्य अत्रे नव्हेत. ते प्रल्हाद केशव. पुस्तकाच्या दुकानात हा घोळ नेहमी होतो.) हे आत्रे महसूल खात्यात नोकरीला होते, गावोगाव हिंडलेले. गाव कसं चालत होतं हे त्यांनी इतकं बारकाईने लिहिलं आहे की तसं दुसरं मराठी पुस्तक मला माहीत नाही. पाटील, कुलकर्णी, चौगुला. मग बलुतेदार, अलुतेदार. सुतार, लोहार, चांभार, कुंभार, न्हावी, परीट, गुरव, महार, मांग. कोण काय काम करायचा, त्याबद्दल पिकातलं किती मागायचा, सणाला काय, लग्नात काय, मेलेल्या जनावरावर हक्क कुणाचा. खळ्यावर धान्याची रास पडली की कोण कोण हात पसरून उभं राहतं, आणि शेवटी कुणब्याच्या घरी काय जातं याचा त्यांनी मांडलेला हिशेब वाचताना कुणब्याची खरोखर दया येते. आत्र्यांचं म्हणणं असं, की वतनाने माणसाला आयतं मिळायची सवय लावली. काम वाईट केलं तरी बलुतं चुकत नाही, मग काम चांगलं का करावं? कारूनारू आणि गावोगाव फिरणारे भिकारी, गोसावी, खेळवाले या सगळ्यांचा भार एकटा कुणबी वाहतो.

मुद्देसूद पुस्तक आहे, भाषा ठसठशीत. फक्त ते मामलेदाराच्या खुर्चीवरून लिहिलेलं आहे, हे एकट्याने वाचताना विसरायला होतं. याच आत्र्यांनी त्याआधी 'गुन्हेगार जाती' नावाचंही पुस्तक लिहिलं होतं. म्हणजे काही जमाती जन्मानेच गुन्हेगार ही सरकारची समजूत त्या काळच्या हुशार, प्रामाणिक अधिकाऱ्यालाही सहज पटत होती.

त्याची जोडी बेबीताई कांबळे यांचं 'जिणं आमुचं'. १९८२ मध्ये 'स्त्री' मासिकातून ते क्रमशः आलं आणि १९८६ मध्ये पुस्तक झालं. बेबीताई फलटणच्या. छोटं वाणसामानाचं दुकान चालवायच्या, पुड्या बांधायला आणलेली रद्दी वाचायच्या आणि गिऱ्हाईक नसेल तेव्हा लिहायच्या. हे लिखाण त्यांनी वीस वर्षं घरच्यांपासून लपवून ठेवलं. फलटणला येऊन स्थायिक झालेल्या मॅक्सीन बर्नसन यांनी आग्रह केला म्हणून ते उजेडात आलं. २०१२ मध्ये बेबीताई गेल्या.

'गावगाडा'त जे एका ओळीत येतं ते इथे माणसाच्या अंगावर येतं. आत्रे लिहितात, महाराचं काम काय आणि हक्क काय. बेबीताई लिहितात, येसकराची पाळी ज्या घरी आली त्या घरचा पुरुष खांद्यावर घोंगडं टाकून, हातात घुंगराची काठी घेऊन, किती रुबाबात भाकरी मागायला निघायचा. त्या काठीचा त्याला अभिमान होता, हे त्या लपवत नाहीत, आणि तो अभिमान वाचताना घशात काहीतरी अडकतं. आत्र्यांच्या हिशेबात मेलेलं जनावर हा एक हक्क आहे. इथे त्या जनावरावर जगणारी घरं आहेत, बाळंतपणानंतर पोटात काही नसलेल्या बायका आहेत, आषाढातलं तेवढं एक सुगीचं दिवसांचं सुख आहे. आणि बेबीताई फक्त गावाकडे बोट दाखवत नाहीत. महारवाड्यातल्या सुनांचे महारवाड्यातच किती हाल व्हायचे, पळून जाईल म्हणून सुनेच्या पायात लाकडाचा खोडा कसा घालायचे, तेही त्या तितक्याच रोखठोक सांगतात. मग बाबासाहेबांचं भाषण ऐकून बायकांनी पोरं शाळेत घालायचं ठरवलं, तिथून पुस्तकाचा सूरच बदलतो.

ही जोडी मी आमच्या काकांना दिली. काका ऐंशीच्या पुढचे, बालपण सगळं गावात गेलेलं, वाचन दांडगं. 'गावगाडा' त्यांनी चार दिवसांत संपवलं आणि फोन करून तासभर बोलले. "अगं, अस्संच! आमच्या खळ्यावर अगदी अस्संच!" कोणत्या बलुतेदाराला काय द्यायचे, आजोबा रास कशी मोजायचे, सगळं आठवून आठवून सांगितलं. इतके खुशीत मी त्यांना फार दिवसांत ऐकलं नव्हतं. "आता दुसरं वाचा," मी म्हटलं.

दुसरं तीन आठवडे झाले तरी झालं नाही. मी विचारलं नाही. काकूच म्हणाली, वाचतात, मिटून ठेवतात, पुन्हा वाचतात. मग एकदा मी गेले होते तेव्हा चहा घेता घेता काका आपण होऊन म्हणाले, "रात्री येसकर यायचा. काठी वाजली की आई मला पाठवायची. लांबूनच टाक, म्हणायची. मला त्याच्या घोंगडीत नेम धरून भाकरी टाकायला गंमत वाटायची गं." आणि थोडं थांबून म्हणाले, "त्याचं नाव मला माहीत नाही."

काकू आत निघून गेली. मी काही बोलले नाही, बोलण्यासारखं नव्हतंच. महार वतनं कायद्याने रद्द झाली १९५८ च्या कायद्याने, म्हणजे हे काही शिवकाळातलं सांगणं नव्हे. समोर बसलेल्या, माझ्या लाडक्या, आयुष्यात कुणाला वेडंवाकडं न बोललेल्या माणसाच्या हातातून गेलेली ती भाकरी होती. मी पुस्तकं सुचवली ती इतिहासाची म्हणून. काकांना त्यात त्यांची आई भेटली, आणि तिला काय म्हणावं ते त्यांना कळेना.

काकांचा पुढचा प्रश्न मला अनपेक्षित होता. त्यांनी विचारलं, "मग आत्रे खोटं लिहितो का?" नाही, खोटं लिहीत नाही. कुणबी नागवला जात होता हे खरंच आहे. फक्त त्या खळ्यावर हात पसरून उभं राहणाऱ्याला तिथे उभं राहणं कसं वाटत होतं, ही गोष्ट मामलेदाराच्या कागदात मावत नाही. त्यासाठी फलटणच्या दुकानातल्या रद्दीच्या कागदाची वाट पाहावी लागली.

असो. बायकांच्या शिक्षणाबद्दल विचारणाऱ्या भाच्या-पुतण्यांसाठीही एक जोडी आहे. रमाबाई रानड्यांचं 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' (१९१०) आणि आनंदीबाई कर्व्यांचं 'माझे पुराण' (१९४४). न्यायमूर्ती रानडे विधवाविवाहाचे पुरस्कर्ते. पण १८७३ मध्ये पहिली पत्नी वारल्यावर वडिलांच्या आग्रहापुढे त्यांनी अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केलं, त्या या रमाबाई. नवऱ्याने शिकवलं आणि घरातल्या बायकांनी त्यापायी छळलं, हे सगळं त्या अतिशय आदराने, नवऱ्याला एकही दूषण न देता सांगतात. आनंदीबाई म्हणजे आधीच्या गोदूबाई, बालविधवा, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी. धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ मध्ये त्यांच्याशी लग्न केलं, आणि मुरूडने दोघांना वाळीत टाकलं. त्यांच्या पुस्तकात आदर कमी आणि हिशेब जास्त आहे. आश्रमाच्या पायी घरात पैसा कसा उरत नसे, थोर माणसाशी संसार करणं म्हणजे नक्की काय, ते कर्व्यांच्या चरित्रकारांपेक्षा बायाच नीट सांगतात. दोन्ही पुस्तकं पातळ आहेत, एका रविवारात एक होतं. आधी रमाबाई वाचा, मग बाया. उलट क्रमाने वाचलंत तर रमाबाईंच्या सौजन्याचा उगाच राग येतो.

सध्या काकांकडे 'स्मृतिचित्रे' आहे, माझी प्रत. त्यानंतर कुणाला हवी असेल तर आधी सांगून ठेवा, धाकट्या आत्याचा नंबर लागलेला आहे.